घरी खेळाच्या बाहुल्या करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सिंधुदुर्गात राहते. घरापासून समुद्र चालत दहा मिनिटांवर. घराच्या पडवीत बाहुल्या करते आणि वाडीतल्या गणपतीत, शाळांच्या स्नेहसंमेलनांत त्यांचे खेळ करते. मे महिन्यात गावाला आलेली मुलं, त्यांच्या आया, आजूबाजूच्या शाळांतले शिक्षक येऊन साधारण तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. कपाटाच्या काचेमागे ठेवायच्या बाहुल्यांबद्दल यात काही मिळणार नाही. ही बाहुली खेळात उतरणार आहे. ती चालेल, मान वळवेल, आपटेल, घामेजलेल्या हातात राहील. म्हणून चेहऱ्यापेक्षा मानेबद्दल आणि वजनाबद्दल मी जास्त बोलले आहे.

सुरुवात कोणत्या बाहुलीने करावी?

मोजाबाहुलीने, म्हणजे हातात घालायच्या बाहुलीने. तर्जनी डोक्यात, अंगठा एका हातात, मधलं बोट दुसऱ्या हातात. मधे दोरी नाही, काठी नाही, त्यामुळे तुमच्या बोटाला जे सुचतं ते बाहुली लगेच करते. दोन दिवसांत ती तयार होते आणि तिसऱ्या दिवशी तिच्याकडून एखादी वस्तू उचलून घेता येते.

तिच्यानंतर काठीबाहुली करा, मग छायाबाहुली. कळसूत्री, म्हणजे दोऱ्यांवर नाचणारी, सगळ्यात शेवटी. बहुतेकांना पहिल्याच दिवशी कळसूत्री करायची असते, कारण नाव तेच ऐकलेलं असतं. पण तिच्यात प्रत्येक सांधा, प्रत्येक अवयवाचं वजन आणि प्रत्येक दोरीची लांबी एकमेकांवर अवलंबून असते. एक चुकलं की बाहुली लंगडते, आणि नेमकं काय चुकलं ते नवख्या माणसाला सापडत नाही.

मोजाबाहुलीचं डोकं कशाचं करावं?

कागदाचं. थर्मोकोलचा गोळा बाजारात मिळतो, पण तो दाबला की खळगा पडतो आणि नाक-हनुवटी नीट निघत नाही. सुकलेल्या मातीचं डोकं सुंदर होतं, पण पाच मिनिटांत मनगट भरून येतं. लाकडाबद्दल पुढे लिहिलं आहे.

कागदाच्या दोन पद्धती आहेत. पहिली लगद्याची. आमच्याकडे पूर्वी बायका कागद भिजवून त्यात मेथी वाटून घालायच्या आणि मडक्यावर थापून टोपल्या करायच्या, तीच ही रीत. वर्तमानपत्र हाताने फाडायचं. कात्रीने कापायचं नाही, कारण फाटलेल्या कडेला तंतू सुटे राहतात आणि तेच एकमेकांत गुंततात. रात्रभर भिजवून सकाळी अर्धा तास उकळायचं, मग खलात कुटायचं. मिक्सरला लावायचं तर भरपूर पाणी घालून थोडं थोडं. नंतर फडक्यात पिळायचं, पण कोरडं ठणठणीत नाही. त्यात भिजवून वाटलेली मेथी आणि खळ घालून कणकेसारखं मळायचं. मेथीच्या चिकाने लगदा घट्ट धरतो आणि कडवटपणामुळे किडा-मुंगी कमी लागते.

खळीसाठी एक वाटी मैदा थंड पाण्यात गुठळी न होता कालवायचा आणि चार वाट्या उकळत्या पाण्यात ओतून ढवळायचा. पांढरा रंग जाऊन काचेसारखी झाक आली की उतरवायचा.

दुसरी पद्धत पट्ट्यांची. मी स्वतः जवळजवळ सगळी डोकी हिनेच करते. शाडूच्या मातीचं डोकं घडवायचं. गणपतीशाळेतून उरलेली शाडू मागितली तर कोणी नाही म्हणत नाही. नाक, गाल, भुवया हवं त्यापेक्षा थोड्या जास्तच उठावदार करायच्या, कारण कागदाच्या थरांखाली त्या बुजतात. माती थोडी घट्ट झाली की खोबरेल तेलाचा हात फिरवायचा आणि बोटभर रुंदीच्या पट्ट्या खळीत बुडवून लावत जायचं. पहिला थर नुसत्या पाण्यात भिजवलेल्या पट्ट्यांचा, म्हणजे तो मातीला धरून बसत नाही. एक थर वर्तमानपत्राचा, पुढचा खाकी कागदाचा, असं केलं की कुठे थर राहिला ते डोळ्यांना दिसतं. सहा थर पुरतात. सुकल्यावर कानांमागून ब्लेडने कापून दोन वाट्या वेगळ्या करायच्या, माती काढायची आणि पुन्हा जोडून सांध्यावर पट्ट्या लावायच्या. डोकं पोकळ आणि इतकं हलकं होतं की हातात घेतलेला माणूस आधी चेहरा बघत नाही, तळहातावर उडवून वजन बघतो.

मान कशी करायची? माझ्या बाहुलीची मान लटपटते.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रश्न हा आहे, आणि तो खेळ झाल्यावर विचारला जातो, बाहुली करताना कोणी विचारत नाही. एकदा एक मुलगा माझ्याकडे आपली बाहुली घेऊन आला. चेहरा अप्रतिम रंगवला होता. म्हणाला, "काकू, ह्येची मान कित्याक लटपटता?" मी बोट घालून बघितलं. नळी इतकी सैल की माझी दोन बोटं आत जात होती.

नळी जाड कागदाची करायची. जो माणूस बाहुली खेळवणार त्याच्याच तर्जनीभोवती कागद गुंडाळायचा, ताईच्या किंवा बाबांच्या बोटाभोवती नाही. बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत ती जायला हवी, आणि हात उलटा केला तरी डोकं खाली पडता कामा नये. आत जुन्या मोज्याचा तुकडा किंवा फ्लॅनेल चिकटवलं तर घामाने बोट घसरत नाही. नळी डोक्यात अर्धी आत, अर्धी बाहेर. बाहेरच्या टोकाला सुतळीचे दोन वेढे चिकटवून काठ उठवायचा. अंगरख्याचा गळा या काठाच्या वर दोऱ्याने आवळून बांधला की खेळ कितीही दांडगा झाला तरी डोकं निसटत नाही.

नळी डोक्यात सरळ उभी बसवू नका. किंचित मागच्या बाजूला झुकवा. प्रेक्षक अंगणात खाली बसलेले असतात आणि बाहुली त्यांच्या डोक्यांच्या वर असते. सरळ मानेची बाहुली सगळा वेळ आभाळाकडे बघत राहते. नळी मागे झुकली की तिची नजर खाली माणसांवर उतरते.

पावसाळ्यात डोकं वाळतच नाही आणि बुरशी येते. काय करावं?

जून ते सप्टेंबर कोकणात कागदाचं नवीन डोकं सुरूच करू नका, हे माझं स्पष्ट मत. डोकी दिवाळी ते मे या काळात करा. पावसात शिवणकाम, गोष्ट लिहिणं, तालीम. माझी एका आषाढात केलेली तीन डोकी वरून खडखडीत वाजत होती. रंगवली, अंगरखे घातले आणि गणपतीच्या आदल्या आठवड्यात त्यांच्या गालांवर आतून काळे ठिपके उमटले. बाहेरचा थर वाळला होता, आतला ओलाच राहिला होता. तिन्ही डोकी टाकावी लागली. एवढ्या महिन्याभराच्या कामानंतर ते फार लागलं.

करायचंच असेल तर एका दिवशी दोनच थर लावा. ते पूर्ण वाळल्याशिवाय तिसरा नाही. चुलीचं घर असेल तर चुलीवरच्या माळ्यावर ठेवा. तिथे कोकम आणि सुकी मासळी टिकते, तिथे कागदही वाळतो, फक्त मासळीपासून लांब. गॅसवर किंवा हीटरसमोर धरू नका, बाहेरून आकसून तडा जातो. वाळलं की नाही हे गालाला लावून बघा. ओला कागद गालाला थंड लागतो, हाताला ते कळत नाही.

खळीत बुरशी येऊ नये म्हणून मीठ घालायचा सल्ला पुष्कळ ठिकाणी मिळतो. देशावर तो चालत असेल. इथे समुद्राच्या हवेत मीठ ओल ओढून घेतं आणि डोकं भर उन्हाळ्यातही पाझरल्यासारखं चिकट राहतं. लवंगेच्या तेलाचे चार थेंब घाला. जुने कारागीर मोरचूद घालत. त्याने बुरशी आणि कसर दोन्ही थांबतात, पण ते विष आहे. मुलं हात घालणार असतील तिथे मोरचूद नको.

चेहरा किती बारकाईने रंगवायचा?

दहा पावलांवरून दिसेल तेवढाच. पापण्यांचे केस, ओठांवरच्या रेघा या रंगवणाऱ्याच्या समाधानासाठी असतात. तिसऱ्या रांगेतल्या आजीला दिसतात ते डोळ्यांचे खळगे, नाकाची सावली आणि भुवयांचा कोन. म्हणून डोळे रंगाने करण्याआधी आकाराने करा, खोबणी खोल ठेवा, म्हणजे डोकं हललं की सावली सरकते आणि बाहुलीने बघितल्याचा भास होतो.

रंगाआधी खडूची पूड आणि फेविकॉल कालवून दोन हात द्या, वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर मारा. वर ॲक्रिलिक रंग. शेवटी चकचकीत वॉर्निश देण्याचा मोह आवरा. दिव्याखाली वॉर्निशचा चेहरा आरशासारखा चमकतो आणि नाक-डोळे सगळे पुसले जातात. फक्त बुबुळावर वॉर्निशचा एक थेंब. तेवढा ओलेपणा पुरतो.

डोकं शरीराच्या मानाने मोठं ठेवा. माणसाचं डोकं उंचीच्या साधारण सातव्या-आठव्या हिश्शाचं असतं, बाहुलीचं पाचव्या हिश्शापर्यंत चालतं. खरं प्रमाण ठेवलं तर लांबून ती टाचणीसारखी दिसते.

अंगरखा कसा बेतायचा?

हात कागदावर ठेवा, अंगठा आणि मधलं बोट पूर्ण ताणा आणि भोवती पेन्सिल फिरवा. त्या रेघेपासून दोन बोटं बाहेर दुसरी रेघ काढा, तो तुमचा बेत. शिंपीकाम चांगलं येणारेच इथे चुकतात. ते अंगाबरोबर बसणारा बेत काढतात आणि मग बाहुलीला टाळी वाजवता येत नाही. लांबी कोपरापर्यंत हवी, नाहीतर हात वर गेला की मनगट उघडं पडतं. कापड जुन्या सुती लुगड्याचं घ्या. ते पुष्कळ धुतलेलं असतं, बोटांच्या हालचालीबरोबर पडतं. नवी कोरी जरीची चिंधी फुगून उभी राहते.

लाकडाची बाहुली करायची तर कोणतं लाकूड घ्यावं?

पांगारा, सावर किंवा शिवण. तिन्ही हलकी आणि पटाशीला मऊ. सावंतवाडीच्या चितार आळीतल्या लाकडी खेळण्यांसाठी पांगारा पूर्वीपासून वापरात आहे. तो इतका हलका की नवखा माणूस वाळलेला तुकडा उचलताना जास्त जोर लावून बसतो. मात्र ओला कोरायला घेऊ नका, वाळताना फाटतो. फांदी साल काढून सावलीत निदान एक उन्हाळाभर ठेवा. सागवान आणि फणस चांगली लाकडं आहेत, पण डोक्यासाठी जड. फणसाचे पाय मात्र छान होतात.

सगळं शरीर हलकं करायचं नसतं, हे लाकडाकडे वळलेल्यांना सांगावं लागतं. कळसूत्री बाहुलीत वर ओढायचं काम दोरी करते आणि खाली आणायचं काम वजन करतं. हात हलका असेल तर दोरी सैल सोडली तरी तो हवेत तरंगत राहतो. डोकं आणि छाती हलकी, कंबर जड, पंजे आणि पावलं जड. आमच्याकडे पावलांत जाळ्याचं शिसं घालायची सोपी युक्ती सांगतात, कारण ते घरोघर असतं. शिसं विषारी आहे, मुलांच्या हातात जाणाऱ्या वस्तूत ते घालू नका. लोखंडाचे नट घातले तर खारी हवा त्यांना वर्षात गंज आणते आणि तांबडा डाग कापडातून बाहेर येतो. मी पितळेच्या जुन्या चकत्या वापरते. त्या नसतील तर पोकळ पावलात धुऊन वाळवलेली वाळू भरून तोंड बंद करा.

गुडघा एकाच बाजूला वाकला पाहिजे. मांडी आणि नडगीच्या मागच्या बाजूला चामड्याची किंवा जाड कॅनव्हासची पट्टी ठोका. पुढच्या कडा एकमेकांना सपाट भिडू द्या आणि मागच्या कडा तिरक्या तासा. पाय मागे दुमडतो, पुढे अडतो. कोपराला मात्र दोऱ्याचे दोन सैल फास पुरतात. खिळे आणि हूक पितळेचे किंवा स्टीलचेच घ्या.

कळसूत्री बाहुलीला किती दोऱ्या लागतात? त्या बांधायच्या कशा?

घरच्या पहिल्या बाहुलीला नऊ : दोन डोक्याला कानांच्या जवळ, दोन खांद्यांना, दोन हातांना, दोन गुडघ्यांना आणि एक पाठीला कमरेशी. पाठीची दोरी उचलली की बाहुली नमस्काराला वाकते, म्हणून ती टाळू नका. पाय लुगड्यात झाकलेले असतील तर गुडघ्यांच्या दोन नको, सातात भागतं.

दोरी कोणती, यावर किनाऱ्यावरची माणसं लगेच म्हणतात, तंगूस, म्हणजे मासेमारीचा पारदर्शक नायलॉनचा दोरा घ्या, दिसत नाही. मीही आधी तंगूसच घेतला होता. दिवसा पडवीत तो खरंच दिसत नाही. रात्री दिव्याखाली प्रत्येक तंगुशीवर चमकणारी रेघ धावते. शिवाय रिळावर गुंडाळलेला वेटोळ्याचा आकार तो सोडत नाही, हात सोडला की पंजा आपोआप वर येतो आणि गाठी सुटतात. काळा, विणलेला, बारीक दोरा घ्या. मागे काळा पडदा असला की तो नाहीसा होतो. प्रत्येक तुकडा मेणबत्तीच्या मेणावरून ओढून घेतला तर दोऱ्या एकमेकींत कमी गुंततात.

बांधण्याचा क्रम चुकवू नका. दोऱ्या धरणारी लाकडी पट्टी आधी छताच्या वाशाला किंवा दाराच्या चौकटीला टांगा, तुमच्या हाताच्या उंचीवर. खाली पाटावर बाहुली उभी करा. पहिल्या खांद्यांच्या दोन दोऱ्या बांधा, कारण सगळं वजन त्यांच्यावर असतं. पावलं पाटाला जेमतेम टेकली पाहिजेत. टाच उचललेली असेल तर ती हवेत चालते, गुडघे वाकले असतील तर दमल्यासारखी दिसते. हे बघायला जमिनीवर आडवं पडा आणि डोळा पाटाच्या पातळीला आणा. टाच आणि पाट यांच्यामधून उजेडाची फट दिसत असेल तर दोरी लांब करा. मला यात कधी कधी अर्धा तास जातो आणि तो अर्धा तास मी कधीच वाचवत नाही. त्यानंतर डोक्याच्या दोन, त्या किंचित सैल, मग पाठ, हात आणि शेवटी गुडघे. सगळ्या गाठी आधी सुटणाऱ्या ठेवा. दोन दिवस खेळवून बघा, लांब्या जुळल्या की मग पक्क्या करून फेविकॉलचा थेंब द्या.

खेळ संपल्यावर बाहुली खाली ठेवण्याआधी, ती लटकत असतानाच सगळ्या दोऱ्या मुठीत धरून पट्टीखाली कापडी फितीने बांधा आणि पट्टीवर गुंडाळा. एका गणपतीत दहा मिनिटांच्या घाईत मी बाहुली तशीच ट्रंकेवर ठेवली होती. समोर माणसं बसलेली आणि मी पडद्यामागे नऊ दोऱ्यांचा गुंता सोडवत होते. शेवटी मोजाबाहुल्यांवर खेळ करावा लागला.

पिंगुळीच्या बाहुल्यांसारख्या बाहुल्या घरी करता येतील का?

बघून शिकता येईल, आणि बघायला जरूर जा. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजातली घराणी पिढ्यान्‌पिढ्या तीन कला सांभाळत आली आहेत : चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या. सावंतवाडी संस्थानाचा या कलांना आश्रय होता. चित्रकथीत रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चित्रं एकामागून एक समोर धरून कथा गाऊन सांगतात. चित्रांची अशी एकेक पोथी असते. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली या कामासाठी पद्मश्री मिळाली. पिंगुळीतल्या गुढीपुरात त्यांनी घरच्या गोठ्याच्या जागेत ठाकर आदिवासी कला आंगण हे संग्रहालय उभं केलं आहे. तिथे बाहुल्या हाताच्या अंतरावर बघायला मिळतात. चेहऱ्यांबरोबर दोऱ्या कुठून निघतात आणि सांधे कसे बांधले आहेत तेही बघा.

घरी केलेल्या बाहुलीला मात्र पिंगुळीची बाहुली म्हणू नका, विकताना तर मुळीच नको. ते नाव ज्यांनी उपासमारीच्या दिवसांतही हा खेळ सोडला नाही त्यांचं आहे. तुमच्या बाहुलीला तुमच्या वाडीचं नाव द्या.

छायाबाहुली चामड्याशिवाय होते का?

होते. जाड ड्रॉइंग पेपरवर आकृती काढून कापा, रंगीत शाईने दोन्ही बाजूंनी रंगवा, वाळल्यावर खोबरेल तेल चोळा आणि जादा तेल टिपून घ्या. कागद अर्धपारदर्शक होतो आणि पडद्यावर रंग उतरतो. जास्त टिकाऊ हवी असेल तर एक्स-रेची जुनी फिल्म घ्या. दागिने, लुगड्याचे काठ हे टोच्याने भोकं पाडून दाखवा. प्रकाश त्या भोकांतून येतो, रंगवलेला दागिना पडद्यावर दिसतच नाही. चेहरा बाजूने काढा, समोरून काढलेल्या चेहऱ्याची सावली म्हणजे नुसता गोळा. काठीला चिव्याची, म्हणजे बारीक बांबूची कामटी घ्या. माडाच्या झावळीचा हीर बारीक हातासाठी चालतो, धडासाठी तो लवतो.

पडद्याला धुतलेलं पांढरं धोतर ताणून लावा, सुरकुती राहू देऊ नका. मागे एकच छोटा दिवा. ट्यूबलाइट लावली तर सावलीच्या कडा विरघळतात, कारण उजेड लांबट नळीच्या सगळ्या अंगाने येतो. बाहुली पडद्याला टेकवली की सावली धारदार, दिव्याकडे नेली की मोठी आणि अस्पष्ट. राक्षस यायचा असेल तेव्हा त्याला दिव्याजवळून हळूहळू पडद्याकडे आणा. लहान मुलं आईच्या कुशीत शिरतात.

रंगमंचासाठी काय लागतं?

पडवीचे दोन खांब आणि एक दोरी. मोजाबाहुलीसाठी चादर तुमच्या डोक्याच्या चार बोटं वर येईल अशी बांधा. पाटावर बसून खेळणार असाल तर बसल्या उंचीप्रमाणे. कळसूत्रीसाठी मागचा पडदा काळा घ्या. एक अपवाद आहे. आमच्याकडे मुलांना शिमग्यातला संकासुर फार आवडतो आणि तो असतो काळ्या कपड्यांत. काळ्या पडद्यापुढे त्याची फक्त टोपी आणि दाढी नाचत राहिली. तेव्हापासून त्याच्या प्रवेशाला मी मागे मळकट पिवळं कापड सोडते.

बाहुली बोलते आहे असं वाटावं म्हणून काय करायचं?

जी बोलते तीच हलते, बाकीच्या स्तब्ध. एवढं सांभाळलं तर एका माणसाने सगळे आवाज काढले तरी कोण बोलतंय ते कळतं. नवशिके सगळ्या बाहुल्या सारख्या थरथरवत ठेवतात, त्यांना वाटतं थांबली तर ती मेल्यासारखी दिसेल. उलट, थांबून दुसऱ्याकडे बघणारी बाहुली ऐकते आहे असं वाटतं.

तोंड उघडणारी बाहुली असेल तर अंगठा, म्हणजे खालचा जबडा, खाली न्या. चार बोटं वर उचलली तर प्रत्येक शब्दाला तिचं टाळकं उडतं. प्रत्येक अक्षराला तोंड उघडायला जाऊ नका, शब्दातल्या जोराच्या ठिकाणी उघडा. "खंय चललंस रे?" यात 'खं', 'च' आणि 'रे'. शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांच्या अर्धवटराव या बोलक्या बाहुल्याचं बोलणं आवाज बंद करून बघा, जबड्याचा ताल लक्षात येईल.

आणि बोली आपली ठेवा. मालवणीत बोलणारी बाहुली वाडीतल्या माणसाला आपल्याच घरातली वाटते.

मुलं किती वर्षांची असली की करू शकतात?

पाच वर्षांचं मूल कागद फाडतं, खळ लावतं आणि कागदी पिशवीची बाहुली स्वतः करतं. ब्लेड, पटाशी आणि एक्स-रे फिल्म कापणं मोठ्या माणसाने करावं. करवंटीचं तोंड असलेली काठीबाहुली आठ-दहा वर्षांच्या मुलांना छान जमते : काथ्याचे केस, पोफळीच्या विरीचे, म्हणजे पानाच्या देठाकडच्या रुंद सालीचे कान. कड घासायला विसरू नका, करवंटीची धार बोट कापते.

खेळ किती मिनिटांचा असावा?

मोजाबाहुलीचा हात डोक्यावर धरून चार-पाच मिनिटांत खांदा भरून येतो. दोन माणसं आलटून पालटून असतील तर पंधरा मिनिटं. पहिला खेळ सात मिनिटांचा करा आणि त्यात बोलण्यापेक्षा करणं जास्त ठेवा : मासा पकडणं, नारळ चोरणं, भुताला घाबरणं. २१ मार्चला विश्व कठपुतळी दिन असतो. शाळेला परीक्षांच्या आधीचा एक दिवस मागायचा तर ते निमित्त सांगता येतं.

बाहुल्या वर्षभर टिकवायच्या कशा?

प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, आत घाम धरतो. सुती पिशवीत वेखंडाचा तुकडा आणि कापूर घालून टांगून ठेवा. आडवी ठेवलेली मोजाबाहुली नाकावर दबते, कळसूत्रीचे सांधे वळतात. भिंतीला टेकवू नका, पावसात जांभ्याची भिंत ओल सोडते. श्रावणात ऊन पडलं की तासभर बाहेर काढा, पण रंगवलेला चेहरा सावलीकडे. उंदरांना मैद्याची खळ आवडते, त्यामुळे पिशवी वाशाला तारेवर लटकवलेली बरी.

जुनी बाहुली फुटली तर दुरुस्त करावी की नवी करावी?

डोकं दबलं असेल तर दुरुस्त होतं. दबलेल्या जागी ओलं फडकं ठेवा. कागद मऊ पडला की मानेच्या नळीतून पेन्सिलचं मागचं टोक घालून हळूच बाहेर ढकला, वाळू द्या आणि वर दोन थर पट्ट्या. आतून बुरशी लागली असेल तर मात्र डोकं टाका, ती शेजारच्या बाहुल्यांना धरते. अंगरखा, पितळेच्या चकत्या आणि मानेची नळी काढून घ्या. नळी एकदा बोटाला बसलेली असेल तर ती पुढच्या डोक्याला तशीच लावायची. माझी एक नळी सध्या चौथ्या डोक्यात आहे.